टिपण, साक्ष की प्रत्यक्ष काम? संशोधकासाठी धोरणाच्या तीन वाटा

आपलं संशोधन धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचावं असं वाटणाऱ्या प्राध्यापकाकडे शिकवणं आणि मार्गदर्शन आटोपून वेळ मोजकाच उरतो. तो कुठे घालवावा?

धोरण-टिपण, म्हणजे धोरण ठरवणाऱ्यांसाठी संशोधनाचा थोडक्यात सारांश, हा सगळ्यांत सोपा पर्याय. कुणाची परवानगी लागत नाही, आठवड्याभरात लिहून होतं. अडचण एकच, ते कुणी मागितलेलं नसतं. ब्रिटिश संसदेचं १९८९ मध्ये स्थापन झालेलं विज्ञान कार्यालय 'पोस्ट' साधारण चार पानांची टिपणं काढतं. पण ती संसदेच्या आतूनच येतात, सदस्यांपुढे येणारे विषय पाहून निवडली जातात आणि शिफारस करत नाहीत. बाहेरून पाठवलेल्या टिपणाला यातलं काहीच आपोआप मिळत नाही.

संसदीय समितीपुढे लेखी निवेदन किंवा साक्ष देताना हा प्रश्न सुटलेला असतो, कारण विचारणा त्यांचीच असते. मुदत कमी असते, उलटतपासणी होते आणि आपल्या क्षेत्राबाहेरचंही विचारलं जातं. तरी वेळेच्या हिशेबात मला हीच वाट सर्वांत फायद्याची वाटते. मात्र एका साक्षीवर फार आशा ठेवू नये. ओझोनच्या थराला क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा धोका आहे, हे रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. या वायूंवर निर्बंध आणणारा मॉन्ट्रियल करार मात्र १९८७ मध्ये झाला. मधली वर्षं रोलंड जाहीरपणे बोलत राहिले, उद्योगांचा विरोध सोसूनही.

प्रत्यक्ष शासनयंत्रणेत जाऊन काम करणं ही सर्वांत महाग वाट. अमेरिकेत विज्ञान-प्रगती संघटनेची (एएएएस) अशी पाठ्यवृत्ती १९७३ पासून चालू आहे आणि ती साधारण वर्षभराची असते. 'पोस्ट'मध्ये पीएचडीचे विद्यार्थी तीन महिने काम करू शकतात. तेवढा काळ शोधनिबंध मागे पडतात. पण फाइल कुठल्या टेबलावर अडते, निर्णयाआधी कुणाला काय हवं असतं, हे बाहेरून कळत नाही. पीएचडी करणाऱ्यांनी किंवा नुकती संपवलेल्यांनी ही संधी सोडू नये. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना ती क्वचितच झेपेल.

विषयावर विचारणा खुली असेल तर निवेदन द्या. नसेल, तर टिपण लिहायला बसण्याआधी त्या खात्यातल्या मधल्या फळीच्या अधिकाऱ्याला भेटा आणि त्यांच्यापुढे कोणता प्रश्न आहे ते विचारा. मंत्र्यांपुढे जाणारा मसुदा बहुधा तिथेच तयार होतो. उत्तर मिळाल्यावर लिहिलेलं टिपण वाचलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

वाट कोणतीही घ्या, अनिश्चितता लपवू नका. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) अहवालांत 'संभाव्य' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'अतिसंभाव्य' म्हणजे किमान ९० टक्के शक्यता असं ठरलेलं आहे. आपल्या निष्कर्षांनाही असेच आकडे जोडा, आणि 'आम्हाला हे आढळलं' व 'आम्हाला असं करावंसं वाटतं' ही दोन विधानं वेगळ्या परिच्छेदांत ठेवा.