सातव्या महिन्यात विमान: खिडकी की पॅसेज?

मावसबहिणीला सातवा महिना. बाळंतपणाला मुंबईहून नागपूरला, माहेरी निघालीये आणि तिकीट काढताना सीटवर अडली.

उठण्याबसण्याचं बघायचं तर पॅसेज. या दिवसांत लघवीला सारखं जावं लागतं. खिडकीतून दर वेळी दोघांना उठवायचा संकोच वाटतो, मग बायका पाणीच कमी पितात. केबिनची हवा कोरडी, त्यात हे! शिवाय गरोदरपणात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून लांबच्या प्रवासात अधूनमधून चालायला हवं. तोटा एवढाच की ट्रॉली नि लोकांच्या बॅगा खांद्याला घासतात.

झोपेला खिडकी बरी, डोकं टेकता येतं.

पैशांत फारसा फरक नाही. पट्टा दोन्हीकडे पोटाखालूनच बांधायचा. पुरला नाही तर जोडपट्टा मागायचा, लाजायचं नाही. पाय पसरायला मिळतात म्हणून इमर्जन्सी दाराजवळची रांग मात्र घेऊ नका, तिथे गरोदर बाईला बसू देत नाहीत.

चौथ्या-पाचव्या महिन्यात, दीडेक तासाच्या प्रवासाला खिडकी चालेल. पोट वाढल्यावर, किंवा लंडनसारख्या ९-१० तासांच्या प्रवासाला पॅसेजच. बहिणीला मी तीच काढून दिली.