झेनचा क्लॉकसोर्स टीएससीवर नेल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा हिशेब

झेन म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (गेस्ट) चालवणारा हायपरव्हायझर, क्लॉकसोर्स म्हणजे वेळ मोजायला तो वापरतो ते घड्याळ, आणि टीएससी म्हणजे सीपीयूतच असलेला काउंटर. निष्कर्ष आधीच सांगतो. एका सॉकेटचा (म्हणजे एकच सीपीयू चिप असलेला), गेल्या दहाएक वर्षांतला सर्व्हर असेल तर झेनच्या बूट ऑप्शनमध्ये क्लॉकसोर्स=टीएससी ठेवायला हरकत नाही. दोन सॉकेट असतील तर आधी तपासा, मग ठेवा. मशीन चालू असताना नवे सीपीयू जोडायचा बेत असेल तर या वाटेला जाऊच नका. बहुतेक लोक हा पर्याय वेगासाठी निवडतात. वेग मिळतो, पण त्यांना वाटतं त्या कारणाने नाही.

झेन स्वतःहून निवड करतं तेव्हा आधी एचपीईटी (हे आणि पुढचे दोन मदरबोर्डवरचे टायमर) बघतं, ते नसेल तर एसीपीआयचा पीएम टायमर, आणि तोही नसेल तर पीआयटी. टीएससी या रांगेत नसतंच, ते नावानिशी मागावं लागतं. या तिघांतला फरक नुसता अचूकतेचा नाही. पीआयटी १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालतं आणि त्याचा काउंटर १६ बिटांचा, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत तो पुन्हा शून्यावर येतो. पीएम टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा आणि २४ बिटांचा, म्हणून ४.७ सेकंद. एचपीईटी १४.३१८१८ मेगाहर्ट्झवर ३२ बिटांचं धरलं तर सुमारे ३०० सेकंद. काउंटरचा फेरा निसटू नये म्हणून झेन या मुदतीच्या निम्म्यावर एकदा उठून तो वाचून ठेवतं. पीआयटीवर असाल तर दर २७ मिलिसेकंदांनी ही कटकट. फर्मवेअरच्या एसएमआयने (सीपीयूला मधेच थांबवणाऱ्या इंटरप्टने) सीपीयू जास्त वेळ अडवून धरला तर फेरा चुकतो, आणि 'प्लॅटफॉर्म टायमर अनपेक्षितपणे गुंडाळला गेला' अशा अर्थाची ओळ झेनच्या लॉगमध्ये दिसते. ती वारंवार दिसत असेल तर आधी बायोस अपडेट करा, क्लॉकसोर्स नंतर बदला. टीएससी ६४ बिटांचं असल्यामुळे त्याच्याबाबत हा प्रश्नच उरत नाही.

आता वेगाचं. गेस्ट दर वेळी एचपीईटी वाचायला जातो आणि तिथे मायक्रोसेकंद खर्ची पडतो, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात झेन दर सेकंदाला प्लॅटफॉर्म टायमर आणि टीएससी यांचा मेळ घालतं, त्यातून निघालेला गुणक प्रत्येक व्हीसीपीयूसाठी (गेस्टच्या आभासी सीपीयूसाठी) शेअर्ड पानावर लिहितं, आणि गेस्ट टीएससी वाचून त्या गुणकाने नॅनोसेकंद काढतो. म्हणजे एचपीईटी निवडलं तरी गेस्टमधलं वाचन टीएससीचंच असतं. अडचण दुसरीकडे आहे. दोन वेगळ्या घड्याळांचा मेळ प्रत्येक सीपीयूवर स्वतंत्रपणे घातला जातो, त्यामुळे सीपीयूगणिक गुणक किंचित वेगळा निघतो. एका सीपीयूवरून दुसऱ्यावर गेल्यावर वेळ मागे गेल्यासारखी दिसू नये म्हणून लिनक्स गेस्ट शेवटची दिलेली वेळ एका सामाईक जागी जपून ठेवतो आणि प्रत्येक वाचनाला अ‍ॅटॉमिक तुलना करतो. दोन व्हीसीपीयूंच्या गेस्टमध्ये ते जाणवत नाही. सोळा व्हीसीपीयूंवर सतत वेळ विचारणारा डेटाबेस असला की त्याच एका कॅश लाइनवर सगळ्यांची झोंबाझोंबी होते.

झेनचं प्लॅटफॉर्म घड्याळच टीएससी झालं की मेळ घालायला दुसरं घड्याळ उरत नाही. झेन त्या शेअर्ड पानावर 'टीएससी स्थिर आहे' असा बिट चढवतं, गेस्ट ती अ‍ॅटॉमिक तुलना सोडून देतो, आणि पुरेसा नवा कर्नल असेल तर वेळ सिस्टीम कॉलशिवाय, व्हीडीएसओतूनच (कर्नलने प्रोग्रामच्या मेमरीत ठेवलेल्या कोडमधूनच) मिळते. खरा फायदा हा. तपासायला सोपं आहे: गेस्टमध्ये डेट ही आज्ञा एसट्रेसखाली (सिस्टीम कॉलची यादी दाखवणाऱ्या साधनाखाली) चालवा. क्लॉक_गेटटाइम नावाचा कॉल यादीत दिसला तर व्हीडीएसओ अजून लागू झालेलं नाही. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर पीजी_टेस्ट_टायमिंग बदलाआधी आणि नंतर चालवून बघा. सिस्टीम कॉल होत असताना आकडा शेकडो नॅनोसेकंदांत असतो, नंतर दोन आकडी होतो.

बदल करताना सगळ्यात जास्त घोळ ओळ कुठे लिहायची यावर होतो. डेबियनवर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ग्रब_सीएमडीलाइन_झेन_डीफॉल्ट असं चल आहे, ऑप्शन तिथे जातो. तोच ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स मध्ये लिहिला तर तो झेनला न जाता डॉम-झिरोच्या (झेनचा कारभार बघणाऱ्या पहिल्या गेस्टच्या) लिनक्सला जातो. लिनक्सलाही क्लॉकसोर्स=टीएससी हा ऑप्शन समजतो, त्यामुळे एररही येत नाही आणि हायपरव्हायझर जुन्याच टायमरवर राहतो. झेन थेट ईएफआयमधून बूट होत असेल तर झेन.सीएफजी मधली ऑप्शन्स= ही ओळ झेनची आणि कर्नल= ही डॉम-झिरोची. अपडेट-ग्रब, रीबूट, आणि मग एक्सएल इन्फो मध्ये झेन_कमांडलाइन ही ओळ बघून खात्री करा.

पुढची फसगत लॉग वाचताना होते. एक्सएल डीमेसेज मध्ये सुरुवातीला 'प्लॅटफॉर्म टायमर एचपीईटी' असंच लिहून येतं. तिथेच वाचन थांबवून ऑप्शन चालला नाही असं ठरवू नका. सगळे सीपीयू उठल्यावर झेन त्यांच्यातले टीएससी एकमेकांशी पडताळतं, आणि ते जुळले तरच बरंच खाली 'स्विच्ड टू प्लॅटफॉर्म टायमर टीएससी' अशी ओळ येते. ती नसेल तर कारण आसपासच्या ओळींत असतं, आणि ते बहुधा दोनपैकी एक निघतं.

पहिलं, सीपीयू हॉटप्लगची तक्रार. मशीनमध्ये प्रत्यक्षात १६ सीपीयू असताना बायोसने तक्त्यात ३२ जागा लिहून ठेवल्या असतील, तर उरलेल्या १६ नंतर येतील असं झेन धरून चालतं आणि टीएससी नाकारतं. मॅक्ससीपीयूज=१६ लिहिलं की काम होतं. हा आकडा दुसऱ्या मशीनवर तसाच नकलू नका, तिथे ३२ खरे सीपीयू असतील तर निम्मे गमावाल.

दुसरं, एकाहून जास्त सॉकेट. वेगवेगळ्या सॉकेटवरचे टीएससी एकाच क्षणी शून्यावरून सुटले याची हमी मदरबोर्डने द्यायची असते, म्हणून झेन आपणहून ते मानत नाही. टीएससी=स्टेबल:सॉकेट लिहिलं की तुम्ही ती हमी स्वतःच्या खांद्यावर घेता. त्याआधी एक्सएल डीबग-कीज एस चालवून लॉगमध्ये वार्प (एका सीपीयूचा टीएससी दुसऱ्याच्या मागे दिसणं) किती ते बघा, शून्यच हवं. एक्सएल डीबग-कीज टी ने सीपीयूंमधला फरक दिसतो. तो मशीनवर चांगला भार असताना आणि रात्री मोकळं असताना, दोन्ही वेळा घ्या, कारण खोल झोपेतून उठणारे सीपीयू दिवसा पकडले जात नाहीत. आकडा दिवसेंदिवस वाढत जात असेल तर ऑप्शन काढून टाका. अशा मशीनला एचपीईटीच बरं.

एचपीईटीलाही डोळे झाकून चांगलं म्हणता येत नाही. कॉफी लेक आणि त्यानंतरच्या काही इंटेल प्लॅटफॉर्मवर पॅकेज पीसी१० या खोल झोपेत गेलं की एचपीईटीची गती बिघडते, आणि लिनक्स तिथे ते सरळ बंद करतं. छोट्या घरगुती लॅबच्या मशीनवर झेनची वेळ सावकाश घसरत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. मॅक्स_सीस्टेट=१ देऊन बघा, घसरण थांबली तर निदान पक्कं. विजेचं बिल वाढेल, म्हणून ते निदानापुरतंच वापरा.

टीएससीवर गेल्यावर एनटीपीकडे (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याकडे) थोडं लक्ष द्यावं लागतं. टीएससीची वारंवारता बूटच्या वेळी मोजली जाते आणि मोजणीतली चूक पुढच्या रीबूटपर्यंत तशीच राहते. रीबूटगणिक ती थोडी बदलते, त्यामुळे क्रोनी या एनटीपी प्रोग्रामच्या ड्रिफ्ट फाइलमधला जुना आकडा सुरुवातीला चुकीचा ठरतो. क्रोनीसी ट्रॅकिंग मधली फ्रीक्वेन्सी तासाभरात स्थिरावते. एनटीपीडी हा दुसरा एनटीपी प्रोग्राम मात्र ५०० पीपीएमच्या (दशलक्षात ५०० भागांच्या) पलीकडे सावरू शकत नाही. डॉम-झिरोत क्रोनी चालू आहे म्हणून गेस्टना वेळ आपोआप मिळेल असं समजू नका. चालू गेस्टला स्वतःचं क्रोनी लागतंच.

लाइव्ह मायग्रेशन (चालू गेस्ट दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) करत असाल तर गेस्टच्या कॉन्फिगमधला टीएससी_मोड डीफॉल्टवरच राहू द्या. नेटिव्ह केलेला गेस्ट वेगळ्या गतीच्या सीपीयूवर गेला की त्याच्या टीएससीची गती मधेच बदलते. डीफॉल्टमध्ये झेन ते सांभाळून घेतं, पण हार्डवेअरमध्ये टीएससी स्केलिंग नसेल तर वाचन एम्युलेट होऊन महाग पडतं. म्हणून पूलमधले सर्व्हर शक्यतो एकाच पिढीचे ठेवावेत.

आणि ऑप्शन फाइलमध्ये कायमचा लिहिण्याआधी ग्रबच्या मेनूत ई दाबून मल्टीबूट२ च्या ओळीत हातानेच घाला. बिघडलं तर पुढचं रीबूट पुन्हा जुन्या टायमरवर येतं. बायोस किंवा मायक्रोकोड बदलल्यावर 'स्विच्ड' ची ती ओळ परत शोधायची, कारण पडताळणी नापास झाली तर झेन लॉगमधल्या ओळीपलीकडे काही न बोलता एचपीईटीवरच थांबतं आणि गेस्टमध्ये काहीही मोडत नाही, फक्त डेटाबेस पुन्हा जड वाटायला लागतो.