बंद खोलीतला दिवे घाट : संकल्पनेवर बांधलेल्या सायकलिंग वर्गांचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने कोथरूडमधील आमच्या गृहसंकुलाच्या व्यायामशाळेत मी दर शनिवारी सकाळी ४५ मिनिटांचा इनडोअर सायकलिंगचा वर्ग घेत आहे. आठ स्पिन बाइक (जागेवरच चालवायच्या व्यायामाच्या सायकली), एक स्पीकर आणि दर तीन आठवड्यांनी बदलणारी एक संकल्पना, म्हणजे वर्ग ज्या विषयाभोवती बांधायचा तो धागा, एवढाच त्याचा पसारा आहे. आतापर्यंत बारा संकल्पना वापरून झाल्या; त्यांपैकी चार लोक पुन्हा मागतात. संकल्पना आधी एखाद्या वाटेच्या चढ-सपाटीत शोधावी आणि गाणी नंतर निवडावीत, हे मला त्या चारांनी शिकवले.

पहिला वर्ग मी नेमका उलटा बांधला होता. विषय पावसाचा, म्हणून पावसाचा उल्लेख असलेली गाणी एकामागून एक लावली. गाणी सुरेख होती, पण एक संथ, तर दुसरे दुप्पट वेगाचे. पायांना कशाचा मेळ लागेना आणि विसाव्या मिनिटाला सगळे आपापल्या लयीत पायडल मारू लागले. घरी येऊन हिशेब मांडला. पायडलच्या एका फेरीत दोन पाय खाली येतात, त्यामुळे प्रत्येक पाय एका ठोक्यावर पडायचा असेल, तर मिनिटाला १३२ ठोक्यांच्या गाण्यावर ६६ फेऱ्या होतात. स्पिनिंगच्या प्रशिक्षणात चढासाठी मिनिटाला ६० ते ८० आणि सपाटीसाठी ८० ते ११० फेऱ्यांचा पल्ला सांगितला जातो. म्हणजे गाण्याच्या शब्दांत पाऊस आहे की नाही, यापेक्षा त्या क्षणी वर्ग चढावर आहे की सपाटीवर, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आषाढात दिवे घाटाचा वर्ग बांधला, तो याच रीतीने. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसर, वडकीमार्गे दिवे घाट चढते आणि सासवडला पोहोचते. ही वाट मी सायकलने अनेकदा केलेली असल्याने कुठे दम लागतो आणि कुठे वळणावर थोडा श्वास मिळतो, हे पायांना ठाऊक होते. हडपसरपासूनच्या सपाटीची ७ मिनिटे, घाटाची १६, माथ्यावरच्या मोकळ्या रस्त्याची ८, मग ६ मिनिटांचे रिंगण आणि शेवटी ८ मिनिटे पाय सैल करण्यासाठी, अशी मांडणी केली. घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. म्हणून प्रत्येक वळणावर ‘आणखी एक जोडी’ असे म्हटले की सगळे रेझिस्टन्सची, म्हणजे पायडल जड करणारी, खुंटी थोडी आवळतात. रिंगणात ३० सेकंद जोराची धाव आणि ९० सेकंद विसावा, असे तीन फेरे ठेवले. प्रत्यक्षात चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण सासवडच्या पुष्कळ पुढे, तरडगावाजवळ होते, हे मी वर्गाला आधीच सांगितले होते, कारण समोर वारी केलेली माणसे बसलेली होती.

त्यांच्यापैकीच एका मावशींनी पहिल्या आठवड्यानंतर मला बाजूला घेऊन विचारले, “अभंग चालू असताना तुम्ही वरून ‘जोर लावा, जोर लावा’ असं ओरडता, ते बरं दिसतं का?” मला ते मनापासून पटले. तेव्हापासून अभंग फक्त सुरुवातीला आणि शेवटी वाजतात, आणि तेव्हा मी एक शब्दही बोलत नाही. चढाला आणि रिंगणाला नुसता टाळ-पखवाज असतो. या बदलाने वर्ग अधिक चांगला झाला, कारण सूचना देताना मागे शब्द नसले की सूचना नीट ऐकू येतात.

आपल्याकडच्या संगीतावर वर्ग बांधताना तालाकडे बारकाईने पाहावे लागते. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका सरळ जुळतो. कोळीगीतांत अनेकदा आढळणारा सहा मात्रांचा झोकाही छान बसतो. पहिल्या मात्रेवर एक पाय, चौथीवर दुसरा आणि एका आवर्तनात एक फेरी. सात मात्रांचा रूपक मात्र टाळावा. लावणीने मला सर्वांत जास्त सावध केले. ढोलकी शेवटाकडे चढत जाते, लोक उत्साहाने तिच्यामागे धावतात, रेझिस्टन्स हलका असेल तर बैठकीवर उसळू लागतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. बहुतेक स्पिन बाइकच्या जड चाकाला पायडल पक्के जोडलेले असते, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक ते फिरवत राहते. म्हणून लावणीआधी खुंटी आवळून घेणे आणि ११० फेऱ्यांच्या वर न जाणे, हा आमचा नियम आहे.

गाण्याचा वेग मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ते कधी वेग निम्मा दाखवते, कधी दुप्पट. सहा मात्रांच्या गाण्यात तर प्रत्येक मात्रा मोजून भलताच आकडा देते. मी आता घड्याळ लावून ३० सेकंद मांडीवर ठेका धरतो.

गणेशोत्सवातल्या ढोल-ताशाच्या वर्गाला गर्दी सर्वांत जास्त झाली, पण तो मी दुसऱ्या आठवड्यातच आवरता घेतला. लहान खोलीत तो नाद आवाज वाढवल्याशिवाय रंगत नाही, आणि ८५ डेसिबलच्या वर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. ज्येष्ठांच्या कानांची किंमत देऊन रंगत आणणे मला मान्य नाही.

पहिला वर्ग बांधायला पाच तास लागले होते. आता दीड तास पुरतो. एवढी मेहनत असल्यामुळेच एक संकल्पना तीन आठवडे चालवतो. पहिल्या आठवड्यात लोक वाट ओळखतात, दुसऱ्यात रेझिस्टन्स स्वतःहून वाढवतात आणि तिसऱ्यात मला फार बोलावे लागत नाही.

सध्या तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचा रोटी घाट घ्यावा, अशी मागणी आहे. ती वाट मी अजून सायकलने केलेली नाही. पुढच्या रविवारी पाटसपर्यंत सायकल गाडीत टाकून नेणार आहे. घाट चढून आल्यावरच गाणी निवडायला बसेन.