‘ड्यून’चं विश्व समजून घ्यायचंय : १९८४चा ज्ञानकोश की वारसांच्या पूर्वकथा?

माझ्या भाचीने ‘ड्यून’चे दोन्ही नवे चित्रपट पाहिले, मग फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ची मूळ कादंबरी वाचून काढली आणि मला फोन केला. “मामा, या जगात कॉम्प्युटर नाहीत, कारण हजारो वर्षांपूर्वी यंत्रांविरुद्ध युद्ध झालं, एवढं कळलं. पण ते युद्ध कशावरून पेटलं? हे सगळं एका जागी कुठल्या पुस्तकात मिळेल?”

एका नावात उत्तर देता येईना. या युद्धाची, म्हणजे बटलेरियन जिहादची, दोन उत्तरं छापलेली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक आहे १९८४च्या ‘ड्यून एन्सायक्लोपीडिया’त. दुसरं आहे फ्रँक यांचे चिरंजीव ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन जे. अँडरसन यांनी १९९९पासून लिहिलेल्या पूर्वकथांच्या मालिकेत. चाहत्यांचे यावरून सरळ दोन तट आहेत. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी बरीच वर्षं ऐकत आलोय आणि दोन्ही वाचलंही आहे. तेव्हा पैसे आणि वेळ कशात घालावा, हे जरा सविस्तर लिहितो.

त्याआधी जे हातात आहे ते बघू. मूळ कादंबरीच्या शेवटी चार परिशिष्टं आणि एक शब्दसूची आहे. बरेच वाचक गोष्ट संपली की पुस्तक मिटतात आणि ती पानं राहून जातात. ग्रहाची परिस्थिती, धर्मांचा इतिहास, बेने गेसेरिट या स्त्री-संघटनेच्या हेतूंवरचा अहवाल आणि सरदार घराण्यांची टिपणं, असा तो ऐवज आहे. मराठी वाचकाला तर तिथे ओळखीची माणसं भेटावीत तसं होतं. बेने गेसेरिटच्या शरीरसाधनेचं नाव आहे ‘प्राण-बिंदू’ : प्राण म्हणजे स्नायूंचं आणि बिंदू म्हणजे मज्जातंतूंचं शिक्षण. धर्मांच्या परिशिष्टात विश्वभर विखुरलेल्या हिंदू वस्त्यांचा ओझरता उल्लेख आहे. अॅट्रायडीस घराण्याच्या कॅलाडन ग्रहाची मुख्य निर्यात आहे ‘पुंडी तांदूळ’, ज्याचा दाणा चार सेंटिमीटरपर्यंत लांब भरतो. भात पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाने त्या ओळीवर थबकावंच. आणि याच शब्दसूचीत जिहादचा काळही आहे : गिल्डपूर्व २०१ ते गिल्डपूर्व १०८. (गिल्ड म्हणजे अवकाशप्रवासाची मक्तेदारी असलेली संघटना; या विश्वात वर्षं तिच्या स्थापनेपासून मोजतात.) कारण मात्र फ्रँक हर्बर्ट यांनी मोघमच ठेवलं. पुढची सगळी भांडणं त्या रिकाम्या जागेवरून झाली आहेत.

आता १९८४चा ग्रंथ. तो संपादित केला विलिस मॅकनेली यांनी. ते कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुलर्टन शाखेत इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी १९६९मध्येच फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’वर दीर्घ मुलाखत घेतली होती. म्हणजे लेखकाच्या जवळचा माणूस. ग्रंथाला खुद्द हर्बर्ट यांची प्रस्तावना आहे. तिच्यात त्यांनी आनंदाने पसंती दिली आहे, पण काही नोंदी शंकास्पद साधनांवर उभ्या आहेत असंही बजावलं आहे, आणि पुढच्या कादंबऱ्यांत येणाऱ्या काही गोष्टींबद्दल मी माझं मत राखून ठेवतो, असंही म्हटलं आहे. या एका परिच्छेदाचे अर्थ लावण्यात चाहत्यांनी जेवढा वेळ घालवला असेल, तेवढा काही कादंबऱ्यांवरही घालवला नसेल.

पाचशेहून अधिक पानांचा हा कोश आपण त्याच विश्वातला असल्याचं धरून चालतो. लेटो दुसरा या सम्राटाच्या दप्तराचा साठा उत्खननात सापडला आणि त्यावरून भावी काळातल्या विद्वानांनी नोंदी लिहिल्या, अशी त्याची बैठक आहे. मराठी विश्वकोशात जशी नोंदीखाली लेखकाची सही असते, तशी इथेही नोंदीखाली आद्याक्षरं असतात, आणि मग कधीच अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ, त्यांच्या दप्तर-क्रमांकांसह. एका नोंदीतलं विधान दुसरी नोंद खोडून काढते. पानिपतावरच्या बखरी आणि त्या काळची पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. कोण सांगतंय, कधी सांगतंय, कुणाच्या चाकरीत होता, हे बघत बघत वाचायचं.

मला हा ग्रंथ आवडतो तो नेमका यासाठी. ‘ड्यून’चा गाभाच असा आहे की इतिहास लिहिणारा कधी निर्मळ नसतो. मूळ कादंबरीतही प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर राजकन्या इरुलानच्या ग्रंथांतले उतारे आहेत, आणि ते दरबारच्या लेखणीतून आलेले आहेत हे वाचकाला ठाऊक असतं. मॅकनेली आणि त्यांचे चाळीसहून अधिक सहकारी लेखक यांनी ती रीत ओळखली आणि पुढे चालवली.

त्याच्यात उणिवाही आहेत, आणि त्याचे चाहतेच त्या मोकळेपणाने सांगतात. इतके हात लागले की पाकात फरक पडतोच. एखादी नोंद अशी की दोनदा वाचावी, तर पुढची विद्यापीठातल्या निबंधासारखी कोरडी. साम्राज्याचा वंश पृथ्वीवरच्या प्राचीन साम्राज्यांपर्यंत ओढत नेणारी मांडणी अनेकांना ओढूनताणून वाटते, मलाही वाटते. आणि कोशाची मजल फक्त चौथ्या कादंबरीपर्यंत, म्हणजे १९८१पर्यंत आहे. फ्रँक हर्बर्ट यांची पाचवी कादंबरी १९८४मध्ये आणि सहावी १९८५मध्ये आली. त्या दोन्हींबद्दल कोशाला काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

फ्रँक हर्बर्ट १९८६मध्ये गेले. ब्रायन हर्बर्ट आणि अँडरसन यांची पहिली पूर्वकथा त्यानंतर तेरा वर्षांनी आली. आधी घराण्यांवरच्या तीन कादंबऱ्या, मग २००२ ते २००४ या काळात जिहादवरच्या तीन, पुढे आणखी कितीतरी. आपण फ्रँक यांच्या मागे राहिलेल्या टिपणांवर काम करतोय, असं ते सांगतात. १९८४चा कोश हे एक पर्यायी ‘ड्यून’-विश्व आहे, अधिकृत नव्हे, अशी भूमिका त्यांनी घेतली. चाहत्यांच्या बोलीत सांगायचं तर कोश ‘कॅनन’च्या बाहेर गेला.

मग जिहाद कशावरून पेटला? कोशात जेहान बटलर नावाची बाई आहे. रिचीस ग्रहावरच्या एका रुग्णालयाचा कारभार यंत्राच्या हाती असतो, स्वतःच स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या यंत्राच्या. त्या यंत्राच्या निर्णयाने तिचा गर्भ काहीही वैद्यकीय गरज नसताना पाडला जातो, आणि तिच्यासारख्या आणखी किती जणी असतील हा प्रश्न उभा राहतो. पूर्वकथांत तिच्या जागी सेरेना बटलर आहे. इरॅस्मस नावाचा यंत्रमानव तिच्या लहानग्या मॅनियनला सज्जातून खाली फेकतो. तिथे ऑम्नियस नावाची महाबुद्धी अख्ख्या ग्रहमंडळांवर राज्य करत असते आणि माणसं उघडउघड गुलाम असतात.

दोन्हीकडे एका आईचं दुःख आहे. पण दोन चित्रं वेगळी आहेत आणि चाहत्यांचा खरा वाद इथेच आहे. मूळ कादंबरीच्या सुरुवातीलाच बेने गेसेरिटची म्हातारी रेव्हरंड मदर (संघटनेतलं वरचं पद) नायक पॉल अॅट्रायडीस याला सांगते की माणसांनी मोकळं होण्याच्या आशेने विचार करणं यंत्रांवर सोपवलं, आणि त्यातून झालं एवढंच की यंत्रं हातात असलेल्या दुसऱ्या माणसांनी त्यांना गुलाम केलं. कोशाच्या बाजूचे म्हणतात : बघा, रुग्णालयाची गोष्ट या वाक्यातून उगवते. तिथे कुणी राक्षस नाही. सोयीसाठी सोपवलेला एक निर्णय आहे आणि तो कुणी तपासलाच नाही. पूर्वकथांतला लाल डोळ्यांचा शत्रू आला की हर्बर्ट यांचा प्रश्न हरवतो, चांगलं विरुद्ध वाईट एवढंच उरतं.

मी मनाने याच बाजूचा आहे. तरी न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वकथांतही सुरुवातीला ‘टायटन’ नावाची माणसंच यंत्रांच्या जोरावर सत्ता बळकावतात, आणि त्यांच्यातल्या एकाने आळसापोटी यंत्रांना जास्त मोकळीक दिली म्हणून डाव उलटतो. म्हणजे रेव्हरंड मदरचं ते वाक्य लेखकद्वयीला ठाऊक होतं. त्यांनी त्याला गोष्टीत मागच्या बाकावर बसवलं, एवढाच माझा आक्षेप.

तारखांच्या बाबतीतही त्यांना श्रेय द्यायला हवं. शब्दसूचीत जिहाद गिल्डपूर्व १०८मध्ये संपतो, पण कॉरिनची लढाई गिल्डपूर्व ८८मध्ये होते. पूर्वकथांनी ही वीस वर्षं नीट भरून काढली : जिहाद संपल्याचं जाहीर होतं, पण यंत्रांचं शेवटचं ठाणं कॉरिनवर तग धरून राहतं. ही सांगड हुशारीची आहे. पण ज्या लढाईतून राजघराण्याला ‘कॉरिनो’ हे नाव मिळालं, ती इथे यंत्रांशी झालेली शेवटची लढाई ठरते, आणि त्याच रणांगणावर अॅट्रायडीस आणि हार्कोनेन या दोन घराण्यांचं वैरही जन्माला येतं. हजारो वर्षांच्या आणि असंख्य ग्रहांच्या इतिहासात प्रत्येक मोठ्या प्रसंगी हीच दोन-चार आडनावं कशी हजर असतात, हा पूर्वकथांवरचा सर्वांत जुना आक्षेप मला पटतो. पॉलची आई जेसिका, तिची आई कोण, याचं उत्तर घ्या. हर्बर्ट यांनी बाप सांगितला, आईचं नाव दिलं नाही. कोशात ती टानिडिया नेरस आहे, एरवी कुठे न भेटणारी बाई. पूर्वकथांत ती चक्क गायस हेलेन मोहियाम, म्हणजे पॉलची परीक्षा घेणारी तीच रेव्हरंड मदर! असं कळल्यावर काही वाचक दचकून खूश होतात. मला मात्र विश्व एकाएकी गावाएवढं झाल्यासारखं वाटतं.

पूर्वकथांच्या चाहत्यांशी बोलताना मला त्यांचंही म्हणणं समजलं. ‘ड्यून’ कठीण आहे. पहिल्या शंभर पानांतच अनेक जण सोडून देतात. या पूर्वकथा भरभर वाचल्या जातात, प्रकरणं लहान, कोण कुणाचा कोण हे स्पष्ट. मूळ कादंबरीत संरक्षक कवचांमागच्या तत्त्वाला ‘होल्ट्झमन परिणाम’ म्हटलं आहे; तंत्रज्ञानाच्या इतिहासात कोशाने होल्ट्झमन हे नाव एका विक्षिप्त प्रतिभावंताला दिलं. पूर्वकथांतला टिओ होल्ट्झमन मात्र नॉर्मा सेन्व्हा या मुलीचं श्रेय लाटतो, आणि तिचा प्रवास वाचताना मीही गुंतलो होतो. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचूनच इतिहासाकडे वळलेली कितीतरी मराठी माणसं मी पाहिली आहेत. तसंच इथेही होऊ शकतं.

मग निवड कशी करायची? टीव्ही-मालिका बघायची असेल तर प्रश्न लगेच सुटतो. २०२४मध्ये आलेली ‘ड्यून : प्रॉफेसी’ पॉलच्या जन्माच्या १०,१४८ वर्षं आधी घडते आणि तिची मुळं पूर्वकथांत आहेत. कोश उघडून ती बघायला बसलात तर पावलोपावली गोंधळ होईल. तिथे जिहादची त्रयी वाचा. निदान तिचं पहिलं पुस्तक तरी वाचा.

फ्रँक यांच्या पहिल्या चार कादंबऱ्या वाचून झाल्या असतील, आणि गोष्ट संपली तरी त्या वाळवंटातून बाहेर यावंसं वाटत नसेल, तर कोश. तो सलग वाचायचा नसतो. झोपण्याआधी एक नोंद, तिच्यातून दुसरी. मात्र चौथी कादंबरी वाचण्याआधी त्याला हात लावू नका. नुसती वर्णक्रमाने पानं चाळली तरी पॉलच्या मुलाचं काय होतं ते फुटतं, आणि तो धक्का पुस्तकातूनच बसायला हवा.

मिळण्याची अडचण खरी आहे. कोशाची नवी आवृत्ती निघालेली नाही. जुन्या प्रतीच शोधाव्या लागतात, त्या परदेशातून मागवताना पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त झाला असं घडतं, आणि कागद पिवळा पडून बांधणी सुटलेली असते. माझी प्रत मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली, मलपृष्ठ नसलेली. त्या दिवशी मी लोकलमध्ये उभ्या उभ्या ‘वाळूअळी’ची नोंद वाचत घरी आलो. पूर्वकथा मात्र छापील, ई-बुक, ऑडिओबुक अशा सगळ्या रूपांत सहज मिळतात. घाई असेल त्याच्यासाठी हा फरकच निर्णायक ठरावा.

आणि दोन्ही वाचायचे असतील तर आधी कोश, मग पूर्वकथा. उलट क्रमाने गेलात तर कोशातल्या अर्धवट, परस्परविरोधी नोंदी चुका वाटू लागतात, आणि त्यांची सगळी गंमत जाते.

भाचीला मी आधी परिशिष्टं वाचायला सांगितली. आठवड्याने तिचा फोन आला, पुंडी तांदळाबद्दल. आजीला तिने तो चार सेंटिमीटरचा दाणा बोटांनी मापून दाखवला होता आणि आजीने विचारलं होतं, “शिजायला किती वेळ लागतो?” शब्दसूचीत ते दिलेलं नाही. आता तिची तिसरी कादंबरी चालू आहे. चौथी संपली की माझी मलपृष्ठ नसलेली प्रत तिच्याकडे जाईल.