पुण्याहून दुबई की सिंगापूर?

नकाशावर सरळ रेघ मारली तर लोहगाव विमानतळापासून दुबई सुमारे 2,050 किलोमीटर, सिंगापूर 3,800. म्हणजे जवळपास दुप्पट. वेळ मात्र तेवढी दुप्पट होत नाही: थेट विमान मिळालं तर दुबईला सव्वातीन तास, सिंगापूरला सव्वापाच-साडेपाच.

खरी गंमत घड्याळात आहे. रात्री दहाला निघालात तर दुबईत पावणेबाराला उतरता, कारण तिथलं घड्याळ दीड तास मागे. जेवून, आंघोळ करून आपल्या पलंगावर झोप! सिंगापूर अडीच तास पुढे. तिथे उतरता तेव्हा पहाटेचे पावणेसहा वाजलेले, पोटात पुण्याचे सव्वातीन, आणि हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही. बॅगेतली बाकरवडी तिथेच फुटते.

परतताना हिशोब उलटतो. दुबईहून येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून विमान बहुधा लवकर पोचतं. पण घड्याळ दीड तास खातंच. सिंगापूरहून मात्र तेच अडीच तास परत मिळतात.

थेट विमान नसेल तर मुंबई गाठा. एक्स्प्रेसवेवर घाटात गाडी अडकली की सव्वातीन तासांची दुबईही लांब वाटते. चार दिवसांचीच रजा असेल तर मी दुबईच धरेन.