टेस्टोस्टेरॉन उपचारात इस्ट्राडिओल: साधी तपासणी की एलसी-एमएस?

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल चालू असताना लॅबमध्ये नुसतं ‘इस्ट्रोजेन बघा’ म्हणू नका. हवं असतं ते इस्ट्राडिओल, म्हणजे ई-२. ‘टोटल इस्ट्रोजेन’ तपासणीत इस्ट्रोन हे दुसरं इस्ट्रोजेनही मिसळलेलं असतं, तिच्यावरून औषधाचा निर्णय घेता येत नाही.

ई-२ मोजण्याच्या पद्धती दोन. बहुतेक लॅब प्रतिपिंडं (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं) वापरणारी तपासणी, म्हणजे इम्युनोअ‍ॅसे करतात. रिपोर्टवर पद्धतीच्या रकान्यात ईसीएलआयए, सीएलआयए किंवा सीएमआयए असं लिहिलेलं असतं. स्वस्त, आणि रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी हातात. पण हे किट मुख्यतः स्त्रियांमधल्या पातळीसाठी बनलेले. बीजोत्सर्गाच्या सुमारास ई-२ शेकड्यांत जातं, पुरुषात ते साधारण १० ते ४० पिकोग्रॅम प्रति मिली एवढंच असतं. या खालच्या टोकाला किटमधली प्रतिपिंडं मिळत्याजुळत्या स्टेरॉइडलाही चिकटतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा वर दिसू शकतो.

दुसरी पद्धत एलसी-एमएस/एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री). ती रेणू आधी वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखते, म्हणून कमी पातळीतही भरवशाची. महाग आहे, आणि नमुना मोठ्या रेफरन्स लॅबला जात असल्याने काही दिवस लागतात. ‘अल्ट्रासेन्सिटिव्ह’ या शब्दावर विसंबू नका. तो शब्द इम्युनोअ‍ॅसेलाही लावतात. रक्त देण्याआधीच पद्धत विचारा.

मग कोणती घ्यावी? कसलाच त्रास नसेल तर बहुतेकांना ई-२ नेमाने तपासायची गरजच नाही. टेस्टोस्टेरॉन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) मात्र चुकवू नये. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर डोस थांबवावा लागतो. छाती दुखरी झाली, स्तनाची गाठ लागू लागली, तर साधी तपासणी सुरुवातीला पुरते: आकडा ८०-९० आला तर दिशा स्पष्ट असते. पण अ‍ॅनास्ट्रोझोल (ई-२ बनणं रोखणारं औषध) द्यायचं का हा प्रश्न असेल, ते आधीच चालू असेल, किंवा हाडांची घनता कमी असेल, तर एलसी-एमएसचे पैसे वाचवू नयेत. एकट्या फुगलेल्या आकड्यावरून ई-२ खाली दाबलं की हाडं झिजतात, कामेच्छा घटते आणि चरबी वाढते. पुरुषालाही हे हार्मोन लागतं. एक्झेमेस्टेन (तशाच कामाचं दुसरं औषध) घेणाऱ्याने तर इम्युनोअ‍ॅसे टाळावाच, कारण काही किट त्या औषधालाच ई-२ समजून मोजतात.

पद्धत बरोबर निवडली, तरी वेळ चुकली की आकडा फसवतो. टेस्टोस्टेरॉन एनान्थेटच्या इंजेक्शनवर असाल तर दोन डोसांच्या बरोबर मध्ये रक्त द्या. दोनच दिवसांनी दिलंत तर टेस्टोस्टेरॉन शिखरावर असतं, आणि ई-२ त्यापासूनच बनत असल्याने तेही चढलेलं दिसतं. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटच्या १००० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनवर पुढच्या इंजेक्शनच्या आधी, जेलवर लावल्यानंतर २ ते ८ तासांत. जेल लावलेल्या जागी सुई टोचू देऊ नका. टेस्टोस्टेरॉनही त्याच नमुन्यातून करून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून ३ दिवस आधी थांबवा. काही इम्युनोअ‍ॅसेत त्यामुळे ई-२ खोटंच वाढतं.

पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. आधी इम्युनोअ‍ॅसेवर ४५ आणि आता एलसी-एमएसवर २८ आलं, तर पातळी उतरली असं धरता येत नाही. एककही बघा: परदेशातला रिपोर्ट पिकोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर ३.६७ ने भागा. तिथले ११० म्हणजे इथले ३०.