सुटी पेडल्स की मल्टिइफेक्ट्स? पुण्यात वाजवणाऱ्या गिटारवाल्यासाठी

पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडल्स बसवलेली पाटी करायची म्हटलं की पहिली तयार होते ती पेडल्सची यादी. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं) कुठलं, डिले (प्रतिध्वनी देणारं) कुठलं, कोरस (एकाच्या अनेक गिटारी वाटायला लावणारं) लागणार आहे का. माझा आग्रह असा की ही यादी सगळ्यात शेवटी करा. आधी बघा, तुम्ही जिथे वाजवता तिथे अ‍ॅम्प असतो का, एका गाण्यात आवाज किती वेळा बदलतो आणि सामान घेऊन जायला चारचाकी आहे की स्कूटर. एवढं ठरलं की सुटी पेडल्स जुळवायची की हे सगळे इफेक्ट्स एकाच डब्यात असलेलं मल्टिइफेक्ट्स युनिट घ्यायचं, हा प्रश्न बराचसा सुटतो. पेडलच्या ब्रँडवर तासन्‌तास वाद घालणारी मुलं या गोष्टींचा विचारच करत नाहीत आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी अडकतात.

अ‍ॅम्प आहे का?

पुण्यात वाजवण्याच्या जागा एकसारख्या नाहीत. कॅफेत कधी चांगला ट्यूब अ‍ॅम्प मिळतो, तर कधी साउंडवाला डीआय बॉक्स (गिटार सरळ मिक्सरला जोडायची डबी) पुढे सरकवतो आणि संपलं. फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत बाकीच्या वादकांबरोबर दाटीवाटीने बसायचं, मांडामांडीला वेळ मोजून मिळतो, तिथे अ‍ॅम्प ठेवून त्याला माइक लावत बसणं परवडत नाही. गिटार सरळ मिक्सरला जाते.

इथे सुट्या पेडल्सची मोठी अडचण होते. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो. डिस्टॉर्शनमध्ये तयार होणारी वरची किरकिर तिथेच गळून जाते आणि आपल्याला ओळखीचा भरदार आवाज मिळतो. पीएच्या (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमच्या) स्पीकरला ती गाळणी नसते, तो वरचं सगळं जसंच्या तसं ऐकवतो. त्यामुळे घरी अ‍ॅम्पवर सुरेख वाजणारं डिस्टॉर्शन मिक्सरला थेट जोडलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. दोष पेडलचा नसतो, मधला स्पीकर गायब झालेला असतो.

मल्टिइफेक्ट्समध्ये अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) दोन्हींची नक्कल आतच असते. झूमच्या छोट्या युनिटपासून लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पपर्यंत सगळ्यांत ती आहे. सुट्या बोर्डावर हेच काम करायला शेवटी एक वेगळं कॅब सिम्युलेटर पेडल लावावं लागतं, म्हणजे आणखी खर्च, आणखी जागा, आणखी एक पॉवर केबल. तुमचे बहुतेक कार्यक्रम विनाअ‍ॅम्प होत असतील तर मी डोळे झाकून मल्टिइफेक्ट्स घ्या म्हणेन. एखाद्या चांगल्या डिजिटल डिलेला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात झूमचं लहान युनिट येतं आणि कॉलेजातल्या मुलाला दोन-तीन वर्षं ते पुरतं.

गाणं चालू असताना

समजा, कडवं स्वच्छ आवाजात आहे, थोडा कोरस आणि लांब डिले. ध्रुवपदाला कोरस बंद, ड्राइव्ह चालू, डिले आखूड. सुट्या पेडल्सवर याचा अर्थ एका मात्रेत दोन स्विच दाबायचे आणि वाकून डिलेची खुंटी फिरवायची. हे होत नाही. लोक मग एकाच डिलेवर भागवतात किंवा दुसरं डिले विकत घेतात. मल्टिइफेक्ट्समध्ये एका दाबात सगळं बदलतं. मात्र युनिट घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा: पूर्ण प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग्जची जुळणी) बदलताना बऱ्याच युनिट्समध्ये आवाज क्षणभर तुटतो, डिलेची शेपूट कापली जाते. लाइन सिक्सच्या हेलिक्स मालिकेत यावर स्नॅपशॉट ही सोय आहे. एकाच प्रीसेटच्या आत सेटिंग्ज बदलत असल्यामुळे आवाजात खंड पडत नाही.

उलट, ज्याचा आवाज गाण्यागणिक फारसा बदलत नाही, ब्लूज, क्लासिक रॉक किंवा जॅम जास्त, त्याला सुटी पेडल्स फार सुखाची. गेन (ड्राइव्हचा जोर) जरा जास्त वाटला, हात खाली नेला, खुंटी पाव फेरा मागे घेतली, झालं. मेन्यूत शिरायचं नाही, पान उलटायचं नाही. प्रखर उजेडात छोट्या स्क्रीनवरचं नीट दिसतही नाही. शिवाय कान तयार व्हायला सुटी पेडल्सच बरी, असं माझं ठाम मत आहे. चार खुंट्यांचं ओव्हरड्राइव्ह वर्षभर वापरलं की टोन आणि गेन यांचं नातं बोटांत बसतं. दोनशे प्रीसेट चाळून ते बसत नाही.

वीज

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सुट्या बोर्डावरचे बहुतेक रडगाणे इथूनच सुरू होतात.

बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पिनचा मधला भाग निगेटिव्ह. स्वस्त उपाय म्हणजे एक अडॅप्टर आणि त्याला माळेसारख्या एकामागोमाग पिना असलेली डेझी चेन. हिशेब केला तर ती पुरेल असंच वाटतं: साध्या अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, ट्यूनरला त्याहून थोडे जास्त, बॉसच्या डीडी-८ सारख्या डिजिटल डिलेला ६५. पाच पेडल्सची बेरीज ५०० मिलिअँपिअरच्या अडॅप्टरमध्ये सहज मावते. तरीही बोर्ड चालू केला की बारीक शिट्टी ऐकू येते आणि गेन वाढवला की तीही वाढते. डिजिटल पेडलमधल्या क्लॉकचा खडखडाट सामाईक पॉवर वायरमधून ड्राइव्हपर्यंत पोचतो आणि ड्राइव्ह तो मन लावून मोठा करतं. अँपिअर कितीही वाढवा, तो जात नाही. नुसती अ‍ॅनालॉग पेडल्स असतील तर डेझी चेन निर्धास्त वापरा. एक डिजिटल पेडल आलं की आयसोलेटेड सप्लायचा विचार सुरू करा.

आयसोलेटेड म्हणजे प्रत्येक आउटपुट दुसऱ्यापासून विजेच्या दृष्टीने वेगळं. डब्यावर हा शब्द छापलेला असतो म्हणून आत तसं असतंच असं नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून साधा मल्टिमीटर आणा. सप्लाय भिंतीवरून काढा, पेडल्स काढा. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवून एक टोक एका पिनच्या मधल्या भोकात, दुसरं शेजारच्या पिनच्या मधल्या भोकात लावा. बीप वाजली तर दोघांचं निगेटिव्ह एकच आहे, म्हणजे ती सजवलेली डेझी चेनच. दुकानदाराला आधी विचारून ही परीक्षा काउंटरवरच करता येते.

जुन्या पद्धतीचं जर्मेनियम फझ (ड्राइव्हहूनही फाटका आवाज देणारं पेडल) घेणार असाल तर आणखी जपा. त्यातल्या काहींत पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, ते डेझी चेनवर इतरांबरोबर लावलं की सप्लाय शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट किंवा बॅटरी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सप्लाय मागवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. मागवण्याआधी त्याच्या खालचं लेबल फोटोत बघून घ्या. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावायचा नाही.

मल्टिइफेक्ट्सवाल्याला यातलं जवळजवळ काहीच करावं लागत नाही. एक अडॅप्टर, एक वायर. बॉसचं जीटी-१ तर चार पेन्सिल सेलवरही चालतं. ज्या मंडळाच्या स्टेजवर लाइटिंग आणि साउंड एकाच जनरेटरवर आहेत, तिथे सेलवर चालणारं युनिट म्हणजे मोठा दिलासा. आयसोलेटेड सप्लाय पेडल्समधली कुरबुर मिटवतो. स्टेजच्या वायरिंगला अर्थिंगच नसेल तर त्यापुढे तोही हतबल असतो. जुन्या वाड्यांतल्या आणि काही हॉलमधल्या प्लगांची हीच गत आहे. गिटारच्या तारेला हात लावला की घरघर थांबते का, हे आधी बघा आणि साउंडवाल्याशी बोला.

पाटी विकत की करून घ्यायची

तयार पाटीत पेडलट्रेनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांची मेट्रो १६ ही १६ बाय ८ इंचांची, क्लासिक ज्युनियर १८ बाय १२.५ इंचांची. हलकं अ‍ॅल्युमिनियम, मधे फटी, बरोबर बॅग. किंमत मात्र नुसत्या सांगाड्याच्या मानाने खूप वाटते.

पुण्यात ही गोष्ट करून घेणं सोपं आहे. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या कुठल्याही दुकानात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे उरलेले तुकडे पडलेले असतात. चार आडव्या पट्ट्या, बाजूला दोन तिरपे आधार, रिव्हेट मारून तो अर्ध्या तासात देतो. लाकूड आवडत असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटर प्लाय घ्या, स्क्रू आणि रबरी बूच रविवार पेठेत बोहरी आळीत. ४५ बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा साधारण एक किलोचा भरतो. मागची कड पुढच्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे सप्लाय खाली बसतो. पण आधी सप्लाय हातात घेऊन त्याची उंची मोजा.

घरी केलेल्या पाटीची खरी उणीव बॅगेत आहे. मापाची बॅग तयार मिळत नाही, ती फोम घालून शिवून घ्यावी लागते. ते जमवा. कारण अ‍ॅक्टिव्हाच्या फुटबोर्डवर उभा ठेवलेला बोर्ड प्रत्येक स्पीडब्रेकरला हादरतो आणि जूनपासून पुढचे चार महिने पाऊस असतोच. सहा पेडल्स, सप्लाय आणि पाटी मिळून सहा-सात किलो सहज होतात, पाठीवर गिटार वेगळी. जीटी-१ किंवा एचएक्स स्टॉम्प सव्वा किलोच्या आसपास, गिटारच्या बॅगेच्या कप्प्यातही जातात. एकटं, दुचाकीवर, पावसात जाणाऱ्याने हा फरक हलका मानू नये.

वेल्क्रोबद्दल थोडक्यात: बॉसच्या पेडलखाली रबर असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत तर सुटतोच. सायकलच्या जुन्या चेनची कडी घ्या, एक भोक पेडलच्या तळाच्या स्क्रूखाली अडकवा, दुसरं पाटीला स्क्रूने आवळा. कुठल्याही सायकलवाल्याकडे तुटकी चेन मिळते. अशी बांधलेली पेडल्स हलत नाहीत.

क्रम

गिटारकडून पुढे पेडल्सचा रूढ क्रम असा: ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहानमोठे आवाज सारखे करणारं), ड्राइव्ह, कोरस-फेझरसारखं मॉड्युलेशन (आवाज लहरता ठेवणारं), मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारं). यात फारसं भांडण्यासारखं नाही. अपवाद फझचा. फझ फेस जातीच्या सर्किटला थेट गिटारचा पिकअप समोर लागतो. आधी बॉसचा ट्यूनर असेल तर त्यातला बफर (सिग्नल पुढे जोमाने ढकलणारं छोटं सर्किट) मधे येतो आणि फझ कर्कश होतं, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज साफ होण्याची त्याची खुबी जाते. म्हणून फझ सगळ्यांत आधी, ट्यूनर त्याच्या मागे.

आणि सगळीच पेडल्स ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल बफरशिवाय आरपार सोडणारी) घेण्याचा हट्ट नको. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. येण्याजाण्याच्या केबल आणि मधल्या पॅच मिळून बारा मीटर झाले की वरचे स्वर बोथट होतात. साखळीत एक तरी बफर हवाच.

कोणी काय घ्यावं

अ‍ॅम्प नसलेल्या जागा, खूप आवाजबदल, दुचाकी: मल्टिइफेक्ट्स. स्वतःचा अ‍ॅम्प, ठरलेला बँड, चार-पाच आवाजांत भागतं: सुटी पेडल्स. त्यांत एखादं मुंबईच्या अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशनचं बघा. आपल्या इथे बनतं, कस्टम ड्यूटी लागत नाही. दुरुस्तीतही सुटी बरी. एक बंद पडलं तर ते बाजूला काढून कार्यक्रम होतो. मल्टिइफेक्ट्स बंद पडलं तर गिटार मुकी.

तिसरी वाट मिश्र बोर्डाची: पुढे आवडीची दोन ड्राइव्ह पेडल्स, मागे एचएक्स स्टॉम्प, बाकी सगळं त्यात. हात थोडा तयार झालेल्याला मी हीच सुचवतो. फक्त लक्षात ठेवा, एचएक्स स्टॉम्पचा स्वतःचा अडॅप्टर ९ व्होल्ट ३ अँपिअरचा आहे. साध्या पेडल सप्लायच्या आउटपुटवर स्टॉम्प चालणार नाही, त्या अडॅप्टरची जागा पाटीखाली धरूनच माप काढा.

पैसे हप्त्याहप्त्याने येणार असतील तर सुट्या बोर्डाचा क्रम ट्यूनर, एक ड्राइव्ह, आयसोलेटेड सप्लाय आणि मग डिले असा ठेवा. सप्लायला दोन आउटपुट जास्तीची घ्या. पाटी कापण्याआधी पुठ्ठ्याचे ७३ बाय १२९ मिलिमीटरचे तुकडे कापा, हे बॉसच्या पेडलचं माप, आणि जमिनीवर मांडा. दोघांमधे जॅकसाठी अडीच-तीन सेंटिमीटर सोडा. मग स्टेजवर जे बूट घालता तेच घालून, गिटार गळ्यात अडकवून, प्रत्येक तुकड्यावर पाय देऊन बघा. मागच्या रांगेपर्यंत जाताना पुढच्या खुंट्या हलत असतील तर मागची रांग अजून वर उचला.